दुमडीतलं पन्हं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बाक आहे. खराडीतल्या एका छोट्या परमिट रूमच्या दारात माझं आयुष्य गेलं. बारचा बाक म्हटल्यावर नाक मुरडू नका. आधी माझी गोष्ट ऐका, मग खुशाल मुरडा.

माझा जन्म कसबा पेठेतला. दशरथ नावाच्या कारागिराने मला घडवलं. तो बोलायचा कमी आणि ठोकायचा जास्त. पत्र्याची धार कुणाच्या बोटाला, साडीला लागू नये म्हणून त्याने माझी कड चारही बाजूंनी आत दुमडली. "बसणाऱ्याला ओरखडा आला तर तो बाक कसला?" एवढंच तो म्हणाला. माझ्या अंगावर मिरवण्यासारखं काही असेल, तर ती दुमडच.

टेम्पोत बसून मी खराडीला आलो तेव्हा इथे ज्वारीची शेतं होती आणि शेतांच्या मधोमध कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. नंदाताई आणि सुखदेवदादा या नवराबायकोने तिथेच आपली परमिट रूम काढली होती. आत पाच टेबलं आणि दोन पंखे, बाहेर स्वतःच्या मालकीचं मोकळं अंगण. सकाळी मी अंगणात असे. कंपन्यांचे ड्रायव्हर, वॉचमन माझ्यावर बसून चहा पीत. संध्याकाळी बार उघडायच्या आधी मात्र एका टोकाला नंदाताई आणि दुसऱ्या टोकाला सुखदेवदादा धरून मला आत नेत. कारण बाहेर दारू द्यायची परवानगी नव्हती. बाक बाहेर राहिला की गिऱ्हाईक ग्लास घेऊन त्यावर टेकणारच, हे नंदाताईंना पक्कं ठाऊक होतं. दहा वर्षांत एकदाही त्यांनी मला आत न्यायची टाळाटाळ केली नाही. पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात ताप असो. मला त्यांचं फार कौतुक वाटे.

पुढे आजूबाजूला मोठमोठे बार आले, गच्चीवरचे, दिव्यांच्या माळांचे. आमच्या पाच टेबलांपैकी तीन रिकामी राहू लागली. कादंबरी नावाची कंपनीतली एक मुलगी दुपारी जेवायला यायची. ती एकदा म्हणाली, "ताई, दादांचे बोंबील एकदम बेस्ट आहेत, पण संध्याकाळी आत अंधारात बसायला ऑकवर्ड होतं. बाहेर टेबलं लावा ना, आमची अख्खी टीम येईल."

नंदाताईंनी मनावर घेतलं. अंगणाचा नकाशा काढून घेतला, अर्ज केला, सहीशिक्क्यांसाठी महिनोन्‌महिने खेटे घातले. शेवटी एकच कागद राहिला, तो म्हणजे समोरच्या सुनीतीबाईंचं ना हरकत पत्र. सुनीतीबाई निवृत्त शिक्षिका. लेकीसोबत पेठेतून इथे राहायला आलेल्या, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी गॅलरीतूनच उत्तर दिलं, "अहो, माझ्या गॅलरीतून मला तुळस दिसते, तेवढी पुरे. त्यात आणखी बाटल्या नकोत." नंदाताई परत आल्या. परवानगी मिळाली नाही तर दिवाळीनंतर बार बंद करायचा, असं दोघांनी माझ्यावर बसूनच ठरवलं. मला ते ऐकवेना.

मग आली चौदा एप्रिल. सरकारने सांगो न सांगो, जयंतीला नंदाताईंचं शटर खालीच असायचं. दरवर्षी त्या दिवशी मला अंगणात मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला गुळाचं पन्हं द्यायची त्यांची पद्धत. पण त्या वर्षी घरचे स्टीलचे पेले विहारातल्या जेवणाला गेले होते.

"काचेचे आहेत की," नंदाताई म्हणाल्या, "स्वच्छ घासून घेतले की झालं."

"अगं, बिअरचे ग्लास ते. लांबून कसं दिसेल?" सुखदेवदादा म्हणाले.

"पन्ह्यासारखं दिसेल!"

लांबून ते अजिबात पन्ह्यासारखं दिसलं नाही. भर दुपारी, बारच्या दारात, उघड्यावर, बिअरच्या ग्लासांत सोनेरी पेय आणि भोवती पन्नास माणसं. सुनीतीबाईंनी तक्रार धाडली. तिसऱ्या दिवशी उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक रंगनाथसाहेब अंगणात हजर. परवानगी राहिली बाजूला, आता आहे तो परवानाच जायची वेळ आली.

सुनीतीबाईही जिना उतरून आल्या, पहिल्यांदाच.

"साहेब, पन्हं होतं," नंदाताई म्हणाल्या. "ग्लास बिअरचे वापरले, ती चूक माझी. ती मी लिहून देते."

"पन्हं होतं याला पुरावा?"

"प्यायलेल्यांना विचारा."

"ते तुमचीच बाजू घेणार, ताई."

मला सगळं माहीत होतं, मित्रांनो, पण बाकाला कुठली वाचा! जीव नुसता तुटत होता.

जिन्याने गुडघे धरले म्हणून सुनीतीबाई माझ्यावर टेकल्या आणि "आई गं!" करून ताडकन उठल्या. मुंगी चावली होती. चष्मा सावरून त्यांनी वाकून पाहिलं. मुंग्यांची रांगच्या रांग माझ्या दुमडीत शिरत होती. नंदाताईंनी मला वरून लखलखीत पुसलं होतं, पण दशरथच्या दुमडीत फडकं थोडंच पोहोचतं? सांडलेलं पन्हं तिथे चिकटून बसलं होतं. बाईंनी बोट घातलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"गूळ. आणि वेलदोडा," त्या म्हणाल्या. "साहेब, बिअरमध्ये वेलदोडा घालतात का हो? मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, या विषयात माझा अभ्यास कमी आहे."

रंगनाथसाहेबांना हसू आवरेना. बाईंनी तिथेच कागद मागितला आणि माझ्यावर ठेवून तक्रार मागे घेतली. मग नंदाताईंना विचारलं, "रोज संध्याकाळी हा अवजड बाक आत का नेता?"

"बाहेरची परवानगी नाही म्हणून."

"कुणी बघत नसलं तरी?"

"तुम्ही बघत होता की!"

सुनीतीबाई खळखळून हसल्या. त्यांनी दुसरा कागद घेतला. दहाला दिवे बंद, गाणी अजिबात नाहीत, अशा दोन अटी घातल्या आणि खाली सही केली.

महिन्याभरात परवानगी आली. कादंबरीची टीम येणार होती. अंगणात टेबलं लागली. दिवेलागणीला नंदाताई आणि सुखदेवदादा नेहमीसारखे माझ्या दोन टोकांना आले, त्यांनी मला उचललं आणि उंबऱ्यापाशी दोघं एकदमच थबकले. एकमेकांकडे बघत राहिले. मग मला हळूच पुन्हा अंगणात ठेवलं. नंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

आता मी म्हातारा झालोय. एक पाय गंजलाय, नव्या खुर्च्यांपुढे माझ्याकडे कुणी बघत नाही. पण दर एप्रिलला नंदाताई मला रंगाचा हात देतात, पन्हं स्टीलच्या पेल्यात असतं आणि पहिला पेला सुनीतीबाईंचा असतो. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात काढण्याआधी तिला एकदा जवळ जाऊन बघा. माणसाच्या बाबतीत तर नक्कीच बघा. आणि मला पुसायला आलात तर वरून हवं तेवढं पुसा, पण दुमड तेवढी राहू द्या. साक्ष द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही.