वाटेवरचा माणूस

"काच कुठाय?" भरतेशनं विचारलं.

"बसवायची न्हाई," मान वर न करता लालासाहेब म्हणाले.

कराडच्या एसटी स्टँडामागं त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. फौजेतून सुटून आल्यावर उसात मन रमेना, म्हणून त्यांनी ते टाकलं. देवादिकांपासून नवरानवरीपर्यंत आणि आजच्या आमदारापासून गेल्या सालच्या आजोबांपर्यंत, ज्याला भिंतीवर जायचं असेल त्याला लालासाहेबांच्या हाताखालूनच जावं लागे. भरतेश सांगलीचा हळदीचा व्यापारी. वडिलांचा फोटो न्यायला आला होता आणि बाकावरच्या पेटीकडं बघतच राहिला होता.

सागवानी चौकटीची पेटी, वीतभर खोल. आत मातीचं घर, उघडं दार, उंबऱ्यात हातात निरांजन घेतलेली बाई. दारातून निघालेली वाट डोंगराकडं वळलेली, आणि पार वळणावर खांद्यावर गाठोडं टाकून चाललेला एक गडी, जेमतेम नखाएवढा.

"हे औंधातल्या चित्रातलं न्हवं? शाळेच्या सहलीत बघिटलंय मी. हुबेहूब की ओ! पर काच नसली तर कुणाचा बी हात लागंल."

"हात लागावा म्हणूनच केलंय," लालासाहेब म्हणाले.

औंधला यमाईच्या जत्रेला गेलं की देवीनंतर त्यांच्या बायकोचा, विजयमालाचा, दुसरा मुक्काम ठरलेला असे, संग्रहालयातल्या त्या जुन्या चित्रापुढं. रजा संपवून नवरा निघाला की तीही अशीच उंबऱ्यात उभी राहायची. "ती बाई मला वळखती," असं ती म्हणे. लालासाहेब बाहेर पायरीवर शेंगा खात बसायचे आणि "आटप गं, गाडी जाईल" म्हणून हाका मारायचे. जिच्यापायी बायको इतकी रेंगाळते ती बाई आहे तरी कशी, हे आत जाऊन बघावं असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

मग काचबिंदूनं विजयमालाचे दोन्ही डोळे नेले. गेलेली नजर परत येत नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तिनं रडारड केली नाही. चाचपून भाकरी थापायला शिकली, चुलीचा चटकाही हसण्यावारी नेला. पण जत्रा आली तशी म्हणाली, "तुमी जाऊन या. देवी घरातनं बी पावंल. पर त्या बाईम्होरं आंधळी हून उभी ऱ्हायाला मला न्हाई जमायचं." त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशीच झाली. शेजारच्या हळदीकुंकवालासुद्धा गेली नाही.

लालासाहेबांना समजूत घालता येत नसे. ती विद्या त्यांना फौजेनं शिकवली नव्हती. विजयमाला चित्राकडं जात नसेल तर चित्र तिच्याकडं आणायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि लालासाहेबांनी ठरवलं म्हणजे ठरवलं.

ते एकटेच औंधला गेले आणि चित्रापुढं इतका वेळ उभे राहिले की पहारेकऱ्याला संशय आला. अंगठा धरून मापं घेतली, कागदावर उतरवली. मातीच्या पहिल्या बाईचं तोंड वांग्यासारखं झालं, दुसरीची मान मोडली, तिसरीला वाळताना भेगा पडल्या. त्यांनी चौथी केली. वाटेवर कृष्णेची रेती चाळून पसरली. वळणावरचा गडी चिमट्यानं घडवला तेव्हा त्यांची छाती फुगली होती, कारण नखाएवढ्या माणसाला त्यांनी मुंडासंसुद्धा बांधलं होतं.

भरतेश येऊन गेला त्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते पेटी घेऊन घरी आले. विजयमाला सोप्यात शेंगा फोडत बसली होती.

"हात पूस आन् इकडं दे," ते म्हणाले.

तिची बोटं आधी चौकटीवरून फिरली. मग दाराची फळी, मग उंबरा. बाईच्या कापडी पदराशी येऊन ती थबकली.

"आवं, ही माझी इरकल! फाडलीसा व्हय?"

"फाटकीच हुती."

"आन् हे निरांजन! औंधातली बाई ही!" ती हसली. किती महिन्यांनी हसली होती. "नाक तेवढं लय मोठं केलंयसा."

बोट वाटेला लागलं. रेतीवरून हळूहळू सरकत वळणापर्यंत गेलं आणि थांबलं.

"हे लेकरू कुणाचं?"

"लेकरू कुठलं? त्यो गडी हाय न्हवं का, चाललेला."

"एवढासा?"

"लांब गेलाय त्यो. लांबचं बारीकच दिसतंय. चित्रात हाय तसाच केलाय मी, मापानं."

"डोळ्याला दिसतंय बारीक. हाताला न्हाई," विजयमाला म्हणाली. तिनं त्या मुंडाशावरून बोट फिरवलं. "आन् एक सांगू? तुमी पार वळणावर गेलासा, तरी मला कवा बारीक वाटला न्हाईसा. दारात हुता तेवढंच वाटायचा."

पलटणीला निघालेल्यानं मागं वळून बघायचं नाही, ही लालासाहेबांच्या घरची रीत. ती त्यांनी सगळी नोकरीभर पाळली होती. आपल्या पाठीमागं उंबऱ्यात काय उभं असायचं, ते त्यांना कळायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो नखाएवढा गडी उचकटून काढला आणि बाईच्या उंचीचा नवा घडवला. वळणावर ठेवला तर त्याचं डोकं आभाळालाच टेकलं! वाटेच्या मधोमध ठेवला तर सगळा डोंगरच झाकला गेला. त्यांनी त्याला मागं मागं आणत आणत शेवटी पायरीपाशी उभा केला. तिथंच तो नीट मावत होता. आता ते औंधचं चित्र राहिलं नव्हतं. भरतेशनं बघितलं असतं तर बिघडवलंसा म्हणाला असता. लालासाहेबांनी गड्याचं तोंड घराकडं फिरवलं आणि सरस लावून पक्का केला.

संध्याकाळी विजयमालाची बोटं पुन्हा पेटीत शिरली. इरकल, निरांजन, आणि लगेच त्या गड्याचा खांदा लागला. त्याचं नाक, मिशा, गाठोडं सगळं तिनं चाचपलं. मग बोट वाटेवरून पार वळणापर्यंत नेलं. तिथं नुसती रेती होती. ते तिनं पुन्हा पायरीपाशी आणलं.

"आवं," ती म्हणाली, "उद्या औंधला जाऊया."

"आता जत्रा कुठाय?"

"नसू दे जत्रा. त्या बाईला कुणीतरी सांगाया पायजे न्हवं, त्यो आला म्हणून."

लालासाहेबांनी तिचा हात पेटीतून काढून हातात घेतला आणि बोटाला चिकटलेली रेती फुंकून काढली.