सोमवार, बुधवार, शनिवार

आमची मोटरसायकल मेकॅनिकसमोर कधीच बंद पडली नाही. त्याच्यापुढे इतकी गुणी, की मीच खोटारडी ठरायचे. सकाळी सहाला बटण दाबून दाबून माझा अंगठा दुखायचा, तरी ती ढिम्म. दहाला तो आला की एका झटक्यात सुरू. "काकू, गाडीत काही नाही," म्हणून तो हात पुसायचा.

"मग माझ्यात आहे का?" मी म्हणायचे.

गाडी फिरवायची हौस नाही मला. ह्यांच्या किडन्या गेल्यात. सोमवार, बुधवार, शनिवार ह्यांना डायलिसिसला न्यावं लागतं. सातनंतर मशीन दुसऱ्या पेशंटला देतात, पहिली बस आठची, आणि आमच्या चढावर एवढ्या सकाळी कोणी यायला तयार नसतं. ह्यांना नीट दिसेनासं झालं तेव्हा पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले, तीही ह्यांचीच बोलणी खात. एक खेप चुकली की ह्यांचे पाय सुजतात, दोन चुकल्या की धाप लागून आडवं होता येत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, असंच चाललं तर माणूस हातचा जाईल.

मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, बॅटरी तपासली. शेवटी वैतागून म्हणाला, "बंद पडेल त्या तारखेवर फुली मारत जा. काहीतरी धागा सापडेल."

दीड महिन्याने कॅलेंडर घेऊन गॅरेजवर गेले. सात फुल्या होत्या, सगळ्या सोमवार, बुधवार नाहीतर शनिवारवर. त्याने त्यांवरून बोट फिरवलं.

"बाजारात जाताना कधीच नाही पडली?"

"नाही."

"गाडीला हात कोण लावतं?"

"मी. आणि पुसायला हे."

तो माझ्याकडे बघेना. "आता बंद पडली की आधी इथे बघा," म्हणत त्याने प्लगवर बसवलेली काळी टोपी दाखवली. "ही आपोआप निघत नाही, काकू."

मी त्याच्यावरच भडकले. नाही नाही ते बोलले.

शनिवारी गाडी सुरू झाली नाही. वाकून बघितलं, तर टोपी वायरला लोंबत होती. असं काही निघालं तर आकाशपाताळ एक करीन, असं ठरवलं होतं. पण मी टोपी चिमटीत धरून तशीच वाकून राहिले.

"दर वेळी नाही काढत," मागे उभे असलेले हे म्हणाले. "अगदीच नको वाटतं तेव्हा. मग तू वर गेलीस की लावून ठेवतो."

"मला सांगायचं तरी."

"तू नेलंच असतंस."

ते खरंच होतं.

"चार तास मी छत बघत पडतो, तू बाहेर बाकावर. कशासाठी गं हे?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

मी टोपी दाबून बसवली, बटण दाबलं. गाडी सुरू झाली. दर खेपेला मी "बसा" म्हणायचे. दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "जायचं का?"

हे चाचपडत पायरीवर टेकले.

"आज नको," म्हणाले.

मी चावी फिरवून गाडी बंद केली आणि पायरीवर ह्यांच्याशेजारी बसले. सात वाजून गेले तरी आम्ही उठलो नाही.