डाव्या बाजूचं फेंडर

"उजवं कसं एका झटक्यात बसलं, काका! हे डावंच का रुसलंय कळत नाही." बॉडीकाम करणाऱ्या डेंटरने चाकावरचं फायबरचं फेंडर चौथ्यांदा उतरवून गोधडीवर ठेवलं. बॉनेटच्या कडेशी बोटभर फट राहत होती.

"बाहेरच्या कंपनीचा माल. घासून बसव," दादा म्हणाले.

दादा कारखान्यातले निवृत्त वेल्डर. सुटे भाग आणून घरीच जोडायची ही गाडी त्यांनी धाकट्या भावासोबत सुरू केली होती. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, दादांनी जोडली, फेंडरं भावाने साच्यातून काढली. डावं बसेना, तेव्हा दादा चारचौघांत त्याला म्हणाले होते, "तुझ्या हातात कसबच नाही. साचा वाकडा केलास." भावाने दोन्ही फेंडरं उचलून नेली आणि पुन्हा या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. अकरा वर्षं. मागच्या वर्षी तो गेला. दादा शेवटचं बघायला गेले, तेही फाटकापासूनच परतले.

"फेंडरमध्ये खोट नाही, काका. टेप धरा जरा."

डेंटरने चासी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजली, मग उलट्या कोपऱ्यांतून. दोन्ही मापं सारखी यायला हवी होती. अठरा मिलिमीटरचा फरक. दादांनी टेप हिसकावून पुन्हा मोजलं. तेवढाच.

"गाडी कुठे ठोकली होती का?"

"चाललीच नाही कधी. ठोकणार कुठे?"

दादा शेडच्या मागे गेले. बराच वेळ फोन हातात धरून उभे राहिले, मग भावजयीला लावला.

"मी बोलतोय. ते फेंडर... त्याची चूक नव्हती. माझीच चासी तिरकी आहे."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"ठाऊक होतं त्यांना," ती म्हणाली. "त्याच दिवशी मोजलं होतं. मी म्हटलं, जाऊन तोंडावर सांगा. तर म्हणाले, दादाने जन्मभर वेल्डिंग केलंय, त्याला चारचौघांत मान खाली घालायला लावू का?"

दादांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणखी काही होतं का, दादा? नाही, मला कपडे वाळत घालायचेत."

ते परत आले तेव्हा डेंटर विडी विझवत होता. "चासी सरळ करायची तर सगळी गाडी उघडावी लागेल. नाहीतर फेंडर कापतो."

"काप."

कटर सुरू झाला. पांढरी भुकटी दादांच्या हातांवर, भुवयांवर बसत राहिली. त्यांनी ती झटकली नाही. तासाभरात फेंडर बसलं. फट औषधालाही उरली नाही.

दादांची बायको पाणी घेऊन आली. जमिनीवर पडलेली फायबरची पट्टी पाहून म्हणाली, "बाई गं, कंपनीचंही वाकडंच निघालं का?"

डेंटरने दादांकडे पाहिलं.

"वाकडंच," दादा म्हणाले.

डेंटर खाली वाकून आपले पाने गोळा करू लागला.