सुलैच्या गोदामातलं पिस्तूल

सकाळी आठला, शटर अर्धंच वर गेलेलं असताना, तिघे जण रियाधच्या सुलै भागातल्या गोदामात शिरले. गोदाम सांभाळणाऱ्या ताजुद्दीनला त्यांनी पॅकिंगच्या प्लास्टिक पट्टीनं खांबाला बांधलं, तांब्याच्या केबलची पाच रिळं टेम्पोत घातली आणि निघून गेले. मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. पण त्या दिवसापासून वाऱ्यानं शटरवर नुसती रेती आपटली, तरी ताजुद्दीनच्या हातातला चहा हिंदकळायचा.

गोदामाचा मालक हम्माद हाच त्याचा कफील, म्हणजे सौदीत त्याची हमी घेणारा. माणूस वाईट नव्हता. एकोणीस वर्षांत इकाम्यासाठी, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्यासाठी, त्यानं ताजुद्दीनला एकदाही ताटकळत ठेवलं नव्हतं. त्यानं आपल्या परीनं इलाज शोधला. रियाधबाहेरच्या एका शूटिंग क्लबात स्वसंरक्षणाचा चार दिवसांचा वर्ग होता, त्यात ताजुद्दीनचं नाव घातलं.

"हत्यार हाताळता आलं की भीती जाते," तो म्हणाला.

श्रीवर्धनहून त्याची बायको सकिना फोनवर ओरडलीच. "या वयात बंदूक? अहो, तुम्हाला बकरी ईदला सुरी धरवत नाही!"

"कफील म्हणतो तर जायला नको?" ताजुद्दीन म्हणाला.

शिकवणारा उस्ताद लष्करातून निवृत्त झालेला, पांढऱ्या दाढीचा. पहिल्या दिवशी त्यानं गोळी दाखवलीसुद्धा नाही. "नळी माणसाकडे वळता कामा नये. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि हत्यार रिकामं आहे असं सख्खा बाप म्हणाला, तरी स्वतः उघडून बघायचं." हेच दिवसभर घोकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ताजुद्दीनचं पिस्तूल मध्येच अडकलं. काय करावं हे विचारायला तो पिस्तुलासकट गर्रकन मागे वळला. उस्तादानं झडप घालून त्याचं मनगट खाली दाबलं. मागे रांगेत उभे असलेले वर्गातले तिघे भिंतीला चिकटले होते. आपल्याला बांधणाऱ्या चोरांची वाटली नव्हती, इतकी भीती त्याला त्या क्षणी स्वतःच्या हाताची वाटली.

शेवटच्या दिवशी उस्तादानं त्याला बाजूला बसवलं. "ते तिघे चोर आले तेव्हा तुझ्याकडे पिस्तूल असतं, तर काय झालं असतं?"

"काढेपर्यंत ते अंगावर आले असते. पिस्तूल त्यांच्या हातात गेलं असतं."

"मग तुला काय हवं होतं?"

"मागच्या बाजूला दार. पळायला."

उस्ताद हसला नाही. "चार दिवसांत इतकं कळलं, तर पुष्कळ झालं," म्हणाला.

रविवारी हम्माद गोदामात आला आणि टेबलावर कापडात गुंडाळलेलं पिस्तूल ठेवलं. "परवाना माझा आहे. तुझ्या खणात राहू दे. रिकामं आहे, घाबरू नकोस."

परदेशी माणसाच्या खणात पिस्तूल सापडलं, तर इकामा गेला, नोकरी गेली, खलास. पण एवढा विचार होण्याआधी ताजुद्दीनचे हातच पुढे झाले. नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्यांकडे धरून त्यानं मॅगझिन काढलं. ते खरंच रिकामं होतं.

"बघ, सांगितलं ना," हम्माद म्हणाला.

ताजुद्दीननं पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला. नळीत राहिलेली एक न झाडलेली गोळी बाहेर पडली, फरशीवर टणटण वाजत गेली आणि हम्मादच्या चपलेपाशी थांबली.

मग हम्माद हळूच खुर्चीत बसला. "काल घरी मुलं हे हातात घेऊन फोटो काढत होती," तो म्हणाला.

"शेख, हे मी ठेवणार नाही." ताजुद्दीननं पिस्तूल परत टेबलावर ठेवलं. "ठेवायचं तर मला घरी पाठवा. मला मागे एक दार द्या, बस्स."

हम्मादनं गोळी उचलली, पिस्तूल कापडात गुंडाळलं आणि सलामही न करता निघून गेला.

तीन दिवस त्याचा फोन आला नाही. ताजुद्दीननं बत्हा भागातल्या आपल्या खोलीवर बॅग काढून ठेवली. शर्ट आत ठेवायचा, बाहेर काढायचा, असं चाललं होतं. एकोणीस वर्षांनी रिकाम्या हातानं सकिनासमोर कसं उभं राहायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

गुरुवारी सकाळी हम्मादची गाडी आली. मागे दोन कामगार, ड्रिल मशीन आणि एक लोखंडी दार.

"पिस्तुलासाठी घरी तिजोरी घेतली. किल्ली माझ्याकडेच असते," त्याच्याकडे न बघता हम्माद म्हणाला. "दार कुठे हवं ते दाखव. यल्ला, चल लवकर, ऊन वाढतंय."

ताजुद्दीननं खडूनं भिंतीवर चौकट आखली. रेघ वाकडीच आली. ड्रिलच्या पहिल्या धडाक्याला तो इतका दचकला की बाहेर उन्हातच जाऊन उभा राहिला. तेवढ्यात सकिनाचा फोन आला.

"कसला आवाज हो तो?"

"भिंत फोडतायत."

"या अल्ला! परत चोर?"

"नाही गं," ताजुद्दीन म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी तो हसला. "कफीलची माणसं आहेत."