नुसतं गिरगटलेलं

पेंटरचं पोट अक्षरांवर चालायचं. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, ट्रकच्या पाठीवरची नावं. हात असा बसलेला की पट्टी न लावता ओळ सरळ उतरायची. अशा माणसाला त्याच्या चार वर्षांच्या लेकीने, भिंगरीने, एका कागदावरून पार चक्रावून सोडलं.

संध्याकाळी तो हातांचा रंग रॉकेलने पुसत बसला होता. भिंगरीने कागद त्याच्या नाकाशी धरला.

“बाबा, वाच.”

नागमोडी रेघा, मध्येच गोळे, एक रेघ तर कागद संपला म्हणून वर वळलेली. “वा! छान चित्र आहे.”

“चित्र नाहीये. लिहिलंय मी.”

त्याने वेळ मारून नेली. “‘भिंगरी शहाणी मुलगी आहे.’”

“चूक!”

त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. ती आतून डोकावली. “‘मला भूक लागली’, असं आहे का?”

“तेही चूक!”

आता पेंटर हसायचा थांबला. जिथे अक्षरच नाही, तिथे चूक कशी? “बरं, तूच वाच बघू.”

भिंगरीने बोट ठेवलं. “‘आई, कामावर जाताना मला उठवून जा. मला टाटा करायचा असतो.’”

बायको दारातच थबकली. पोरीची झोपमोड नको म्हणून ती पहाटे चोरपावलांनी निघायची. जेवणं झाल्यावर पेंटरने काही न कळल्यासारखं करून तोच कागद पुन्हा वाचायला लावला. शब्दन् शब्द तोच! दुसऱ्या दिवशी बायकोने तिला उठवलं, आणि भिंगरीने अर्धवट झोपेत टाटा केला.

पण पेंटरच्या डोक्यातला भुंगा जाईना. पोरीला खरी अक्षरं दिली की गोंधळ मिटेल, असं त्याला वाटलं. त्याने पाटीवर झोकदार ‘अ’ काढला. तिने जीभ बाहेर काढून तो गिरवला.

“बाबा, यात काय म्हटलंय?”

“अ.”

“अ काय?”

“अगं, नुसता अ!”

भिंगरीने खडू खाली ठेवला तो ठेवलाच. पाटी नको, कागदही नको. आठवडा तसाच गेला. आपण शिकवलं की विसरायला लावलं?

तो बालवाडीत बाईंना जाऊन भेटला.

“अहो, बोललेलं कागदावर ठेवता येतं, हे तिला उमगलंय,” बाई म्हणाल्या. “अक्षरं येतील मागाहून. घाई नका करू.”

“पण बाई, ते वाचता तर यायला हवं!”

“येतं की. तिला.”

पेंटर डोकं खाजवत घरी आला. तिचा जुना कागद समोर ठेवून त्याने तशाच रेघा, तसेच गोळे काढले. वर वळलेली रेघसुद्धा सोडली नाही. नक्कल करण्यात त्याचा हात कोण धरणार!

“भिंगरे, हे वाच बरं.”

तिने एक नजर टाकली. “हे लिहिलेलं नाहीये. नुसतं गिरगटलंय.”

“आणि तुझं?”

“माझं लिहिलेलं आहे.”

त्याने दोन्ही कागद उजेडात धरले. केसाइतकाही फरक नाही. “कशावरून गं?”

“बाबा, नीट बघ ना!” ती वैतागली.

तो बघत राहिला. मग कोरा कागद घेऊन खाली फरशीवर बसला. ‘पोरी, माझं चुकलं, पुन्हा लिहायला लाग’ असं मनात म्हणत त्याने पेन्सिल फिरवली. अक्षर एकही काढलं नाही. मग कागद तिच्यापुढे सरकवला.

भिंगरीने कागद जवळ ओढला, मान तिरकी केली. “हं. हे लिहिलंय.”

पेंटर पुढे सरकला. “काय लिहिलंय?”

“मला काय माहीत?” ती त्याच्या हातातली पेन्सिल ओढून घेत म्हणाली. “मला वाचता कुठे येतं!”

आणि कागदाच्या उरलेल्या जागेत ती भराभर लिहायला लागली. पेंटर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता, आणि त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं.