शेपूट धरण्याचे यंत्र

कोल्हापुरात माणसाच्या नावावर गुंठे असतात, ऊस असतो, गेला बाजार एखादी बुलेट तरी असते. उद्यमनगरातल्या गणपतराव चौगुल्यांच्या नावावर पेटंटं होती. लेथचा कारखाना त्यांनी मुलीच्या, राजनंदिनीच्या हवाली केला होता. ती पंपाचे भाग बनवून घर चालवायची आणि गणपतराव मागच्या शेडमध्ये देशाची प्रगती करायचे.

पहिलं पेटंट चावीच्या पैलवानांचं. पत्र्याचे दोन पैलवान. चावी दिली की भिडायचे आणि लाल लंगोटवाला निळ्याला चितपट करायचा. दर वेळी लालच. ज्या गावात कुस्ती निकाली व्हावी म्हणून माणसं तासन् तास उन्हात बसतात, तिथं निकाल आधीच लागलेली कुस्ती विकायला काढणं हे धाडसच होतं. पोरांनी ते लगेच ओळखलं आणि निळ्याला कुणी हात लावेना. "लालच जिंकतो, ही काय सोपी गोष्ट हाय व्हय?" गणपतराव म्हणायचे. "पेटंट त्याचंच तर हाय."

मग भाकरी थापायचं यंत्र आलं. भाकरी गोल यायची, एकसारखी यायची, आणि तव्यावर टाकायला उचलली की तिचे तुकडे व्हायचे. दोष ज्वारीचा होता. त्यांच्या पत्नी तानाबाई यांनी ज्वारी बदलून पाहिली, गिरणी बदलून पाहिली, आणि शेवटी पहिल्यासारखी हातानं थापायला सुरुवात केली. यंत्राबद्दल त्या वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. चांगलाही बोलल्या नाहीत.

तिसऱ्या यंत्राची कल्पना त्यांना नेसरीत सुचली. तिथं एका पावण्यांच्या वास्तुशांतीला गेले असताना त्यांनी शेजारच्या गोठ्यात रत्नव्वा नावाच्या बाईंना धार काढताना पाहिलं. म्हशीनं शेणानं माखलेली शेपटी फिरवली आणि ती बाईंच्या गालावर बसली. बाईंनी पदरानं गाल पुसला आणि धार चालू ठेवली. गणपतरावांचं मात्र जेवणावरून लक्ष उडालं. एवढी मोठी समस्या, आणि हजारो वर्षांत कुणाला तिचं काही वाटलं नाही.

चार महिन्यांत यंत्र तयार झालं. लोखंडी स्टँड, त्याला दोन हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला रबर लावलेला स्प्रिंगचा चाप. दोन हात अशासाठी, की शेपटी डावीकडे गेली तरी सुटायला नको आणि उजवीकडे गेली तरी सुटायला नको. म्हशी कमी-जास्त उंचीच्या असतात म्हणून स्टँड वर-खाली करायची सोय. पेटंटचं काम पाहणारी सुष्मिता ही हुशार मुलगी होती. तिनं मसुदा वाचून दाखवला.

"काका, आपण 'लवचीक वस्तू धरून ठेवण्याचं साधन' असं लिहू. उद्या याचा दुसरा काही उपयोग निघाला, तर तोही तुमचाच राहील."

"दुसरा उपयोग?" गणपतरावांना ते आवडलं नाही. "मी काय इकडचं तिकडचं धरायला यंत्र केलंय? म्हशीचं शेपूट ल्ह्या."

"गाय तरी घालू का?"

"गायीचं शेपूट हलकं असतंय. त्याला एवढं यंत्र कशाला?"

सुष्मितानं दोनदा समजावलं आणि मग सांगितलं तसं लिहिलं. धार काढताना, म्हशीचं, शेपूट. गणपतरावांनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून खात्री करून घेतली, की यात दुसरं काही शिरणार नाही.

पहिलं प्रात्यक्षिक अर्थातच रत्नव्वांच्या गोठ्यात झालं. रत्नव्वा घरात एकट्याच. मुलगा पुण्याला. दारात एक म्हैस आणि मागं थोडं सोयाबीन. गल्लीतली माणसं जमली. गणपतरावांनी स्वतःच्या हातानं चाप लावला. शेपूट जागच्या जागी बसलं. म्हशीनं मान वळवून मागं बघितलं, यंत्र बघितलं, गणपतरावांना बघितलं आणि पान्हा चोरला. रत्नव्वांनी सड ओढून बघितले, पाठीवरनं हात फिरवला, पेंड पुढं केली. एक थेंब येईना.

"शेपूट तुम्ही धरलासा," रत्नव्वा म्हणाल्या. "माशा आता कोण हाकणार पावणं? सरकार?"

"सवय हुईल की तिला."

"तिला सवय हुईस्तोवर आमी च्यात काय घालायचं?"

गल्ली हसली. नव्या शोधाला जग आधी हसतंच, हे गणपतरावांना माहीत होतं. त्यांना एव्हाना त्याचा चांगला सराव होता. यंत्र महिनाभर सवयीला इथंच ठेवतो, असं सांगून ते कोल्हापूरला परतले.

महिन्यानं ते राजनंदिनीच्या गाडीतून पुन्हा नेसरीला गेले. गोठ्यात म्हैस मोकळ्या शेपटीनं माशा हाकत होती. यंत्र अंगणात होतं. त्याच्या दोन्ही चापांत पोत्याचं तोंड ऐसपैस उघडं धरलेलं, आणि रत्नव्वा पाटीनं त्यात सोयाबीन ओतत होत्या.

"हे काय चालवलंय?" गणपतरावांचा आवाज चढला.

"पोतं भराय लागले."

"हे शेपटीचं यंत्र हाय."

"असंल. पण पोतं भरायला तोंड धरायला एक माणूस लागतंय की न्हाय? पोरगं पुण्याला. शेजारणीला किती हाका मारायच्या? हे गप उभं ऱ्हातंय. बोलत न्हाय, च्या मागत न्हाय. खालच्या गल्लीतल्या दोघीजणी इचारून गेल्या, कुठं मिळतंय म्हणून."

गणपतरावांना आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि तो अपमान त्यांना सोसवेना. "मी यंत्र परत न्हेतो," ते म्हणाले.

"सवयीला ठेवलासा न्हवं?" रत्नव्वांनी पुढची पाटी उचलली. "मला झाली सवय."

परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता राजनंदिनीनं मनात हिशेब मांडला. मग म्हणाली, "पप्पा, हे पोत्यासाठीच करूया. यंत्राचे हात मी आपल्याकडंच करून घेते. घरोघरी जाईल."

"जे शेपटीला वापरणार असतील त्यांनाच द्यायचं. तोंडी कबूल करून घ्यायचं आधी."

"मग एकही जाणार नाही."

"न जाऊ दे."

ते खरं झालं. एकही गेलं नाही. मात्र दिवाळीनंतर शेतीच्या दुकानांतून 'पोतंधरणी' नावाची एक वस्तू दिसू लागली. लोखंडी स्टँड, दोन हात, दोन चाप. कबनूरचा चन्नाप्पा नावाचा माणूस ती बनवत होता. त्याचा धंदा यंत्रमागाचे सुटे भाग करण्याचा. नेसरीला मेव्हण्याकडं गेला असताना त्यानं रत्नव्वांचं अंगण पाहिलं होतं.

गणपतराव त्याच दिवशी सुष्मिताकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची वस्तू कुणाला चोरावीशी वाटली होती. रागाबरोबर थोडा रुबाबही चढला होता.

सुष्मितानं सगळं ऐकून घेतलं. "काका, तो शेपूट धरत नाही."

"पण चाप माझाच हाय की."

"चाप तुमचाच आहे. पण आपण लिहून काय दिलंय? म्हैस पाहिजे, शेपूट पाहिजे आणि धार चालू पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी तो सुटला."

"म्हंजे त्यानं पोत्याची धार काढाय पायजे?"

"तसं काही झालं तर मला लगेच कळवा," सुष्मिता म्हणाली. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. तेवढं तिचं शिक्षण झालेलं होतं.

कायदा कामाला येत नाही म्हटल्यावर गणपतराव स्वतःच कबनूरला निघाले. तानाबाईंनी डबा भरून दिला. "भांडण लांबलं तर उपाशी ऱ्हाऊ नगा," एवढंच त्या म्हणाल्या.

चन्नाप्पाच्या शेडला लागून चारी बाजूंनी माग चालू होते. त्या खडखडाटात भांडायचं कसं, याचा विचार गणपतरावांनी केला नव्हता. "तू चोर हाईस," ते म्हणाले. चन्नाप्पानं कानाला हात लावला. त्यांनी ते ओरडून सांगितलं. चन्नाप्पा जवळ आला आणि कान पुढं केला. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्यातला सगळा राग सांडून गेला होता आणि नुसती माहिती उरली होती.

"व्हय की, मालक," चन्नाप्पा मोकळेपणानं ओरडला. "नेसरीत बघितलं, आवडलं, केलं. पर लई त्रास द्याय लागलंय तुमचं यंत्र. गिऱ्हाइकं माल परत आणाय लागल्यात. पोती फाटत्यात."

"माझ्या यंत्रानं पोतं फाटणार न्हाय."

"ह्ये बघा की."

गणपतरावांनी चष्मा लावला आणि चाप हातात घेतला. "रबर कुठाय?"

"काढलं. महाग पडतंय."

"आणि स्प्रिंग उलटी घातलीस. अरे, ही धरायची स्प्रिंग हाय, चावायची न्हवं. पाना आण."

भांडण तिथं संपलं. गणपतराव एका उलट्या डब्यावर बसले आणि चोराचा माल दुरुस्त करू लागले. दुपारी दोघांनी तानाबाईंचा डबा वाटून खाल्ला. तीनच्या सुमारास चन्नाप्पानं पोतं अडकवलं आणि त्यात भुसा ओतला. पोतं काठोकाठ भरलं तरी तोंड हललं नाही. गणपतराव बराच वेळ त्याच्याकडं बघत उभे राहिले. एवढ्या निमूटपणे त्यांचं कुठलंही यंत्र आजवर चाललं नव्हतं.

"चांगलं धरतंय," ते म्हणाले. मागांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढचं राजनंदिनीनं चन्नाप्पाशी फोनवर ठरवलं. हात उद्यमनगरात करायचे, जोडणी कबनूरला, आणि नाव दोघांचं. गणपतरावांनी एकच अट घातली. तेव्हापासून प्रत्येक पोतंधरणीच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं: 'म्हशीच्या शेपटीसही उपयुक्त.' अजून कुठल्या म्हशीनं तशी मागणी केलेली नाही.

कबनूरहून पहिला माल शेडमध्ये येऊन पडला त्या संध्याकाळी तानाबाई गहू निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्यातलं एक घरी आणा."

गणपतराव चपला काढता काढता थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं यंत्र तानाबाईंनी स्वतःहून कधी मागितलं नव्हतं.

"कशाला?" त्यांनी जपून विचारलं.

"पोतं धरायला. दुसरं काय?"

गणपतराव काही तरी सांगणार होते. ते त्यांनी गिळलं, चपला पुन्हा पायात घातल्या आणि ते शेडकडं निघाले.