खुंटीवरून न उतरलेली झूल

मित्रांनो, मी एक जुनी झूल आहे. थंडीत घोड्याच्या पाठीवर घालतात, ती. माझ्या अंगाला भोकं पडली आहेत, एक पट्टा उंदरांनी खाल्ला आहे, आणि पावसाळ्यात माझा असा वास सुटतो की शेळ्यासुद्धा तोंड फिरवतात. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण मला तुमची कीव नको आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी रडतात म्हणे. मी रडणार नाही. मला एका भांडणाची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या भांडणात मी कोणाच्या बाजूची तेही आत्ताच ऐकून ठेवा. मी जैनबच्या बाजूची.

माझा जन्म माणदेशातला, म्हसवडचा. काळ्या मेंढ्यांची लोकर राहीबाई नावाच्या म्हातारीने कातली, तिच्याच घरच्या मागावर मी विणले गेले, आणि मग चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणून वाळवलं. तेव्हा मी इतकी ताठ होते की भिंतीला टेकवली तर उभी राहायचे. धुण्यात ती खळ गेली आणि माझा ताठा उतरला, असं लोक समजतात. खुशाल समजोत.

तेव्हा मी नुसती घोंगडी होते. म्हसवडच्या जत्रेत महंमदने मला घेतलं, खांद्यावर टाकलं आणि थेट महाबळेश्वरला नेलं. महंमद वेण्णा तलावावरचा घोडेवाला. पाहुण्यांना घोड्यावर बसवायचं आणि तलावाच्या कडेने फिरवून आणायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या बायकोने, म्हणजे जैनबने, मला अंगणात पसरलं, घोडीच्या मापाने कापलं, आतून जुन्या चादरीचं अस्तर लावलं आणि दाभणाने जाड टाके घालून पट्टे शिवले. कात्री लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण घोंगडीची झूल झाले, ही बढतीच की! आणि ज्या घोडीसाठी मला बेतलं, तिचं नाव होतं मखमल. गडद तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभावाने इतकी गरीब की पहिल्यांदा घोड्यावर बसणारी मुलं तिच्याच पाठीवर बसायची.

तलावावर एक रीत होती. दसऱ्याला घोडी धुवायची, खुरांना तेल लावायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची आणि त्याच संध्याकाळी झूल चढवायची. हिंदू असो की मुसलमान, ही रीत सगळ्या घोडेवाल्यांची. चढवलेली झूल मग होळीपर्यंत उतरायची ती फक्त खोगीर घालण्यापुरती. थंडी पडली का, हे कोणी विचारत नसे. खरं कारण थंडी नव्हतंच मुळी. लवकर झूल घातली की घोड्याला हिवाळी केस नीट फुटत नाहीत, कातडी तुळतुळीत राहते, आणि दिवाळीच्या सुट्टीत येणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे तुळतुळीत घोडाच निवडतात.

माझं कौतुक तेव्हा फार व्हायचं. "काय झूल हाय गड्या!" असं सगळे महंमदला म्हणायचे. पण माझी खालची बाजू कोणी पाहत नव्हतं. दसऱ्यानंतर महाबळेश्वरात दुपारचं ऊन चांगलं चटके देतं. माझ्याखाली मखमल घामाने निथळायची आणि तिच्या घामाने मी भिजायचे. संध्याकाळी तलावावरून वारा सुटला की तीच ओली लोकर तिच्या पाठीला गारठवायची. दिवाळीनंतर तिला खोकला लागायचा, तो संक्रांत झाली तरी हटायचा नाही. एकट्या मखमललाच नाही, तलावावरच्या सगळ्याच घोड्यांना लागायचा. घोडेवाले त्याला 'हवेचा खोकला' म्हणायचे आणि हवेला शिव्या द्यायचे. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण झुलीला विचारतो कोण?

पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यात महंमद गवताचा भारा घेऊन उतरताना घसरला आणि त्याची मांडी मोडली. तो अंथरुणाला खिळला. त्याचा थोरला भाऊ चांदसाहेब रहिमतपुरात टांगा चालवायचा. तो भेटायला आला, भावाच्या उशाशी बसला, आणि जाताना दावणीपाशी उभा राहून म्हणाला, "घोडी मी नेतो. हितं हिला कोन फिरवणार? माज्या टांग्याला जुंपीन."

"म्या फिरवीन," जैनब म्हणाली.

"तू? तलावावर? बाईमानूस?"

"घोडीबी बाईच हाय, भाईजान."

चांदसाहेब वाईट माणूस नव्हता. त्याला हसूही आलं. पण त्याने आपली अट घातली. "संक्रांतीला येतो. तवर घोडी दरसालासारखी खोकाय लागली, तर मी काय ऐकायचा न्हाई. खोकणाऱ्या घोडीवर धंदा चालत न्हाई, आन् तुजं घरबी चालायचं न्हाई."

मित्रांनो, घोडी गेली असती तर त्या घरात उरलं काय असतं? एक मोडलेला माणूस, एक रिकामी दावण आणि खुंटीवर मी. जैनबला हे सगळं कळत होतं. म्हणून तर दसऱ्याला तिने जे केलं, त्याची हिंमत तुम्ही ध्यानात घ्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी तिने मखमलला धुतलं, माळ घातली, मला खुंटीवरून काढलं, घोडीच्या पाठीवर अर्धी टाकली, आणि थांबली. तिने घोडीच्या खांद्यामागे हात घातला. मग कानांच्या मुळाशी बोटं धरली. तिथे चांगली ऊब होती. पाठीवर हिवाळी केसांची पहिली लव कुठे नुकती वर येत होती.

त्या पावसाळ्यात ती महंमदची सेवा करून शहाणी झाली होती. त्याच्या अंगावर जास्त गोधड्या टाकल्या की त्याला घाम फुटायचा, आणि घामेजल्या अंगाला वारा लागला की दातावर दात वाजायचे. ओली गोधडी काढून ती कोरडी घालायची तेव्हा कुठे त्याला झोप लागायची. जे नवऱ्याच्या बाबतीत खरं, ते घोडीच्या बाबतीत खोटं कसं असेल? तिने मला घडी घालून परत खुंटीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तलावावर उघड्या पाठीची घोडी एकटी मखमल. सयाजी तिथला जुनाजाणता घोडेवाला. पलटणीत खेचरांच्या कंपनीत नोकरी करून आलेला, आणि त्याचा शब्द म्हणजे तलावावरचा कायदा. तो मिशीला पीळ देत आला.

"जैनब, झूल इसरलीस व्हय गं?"

"इसरले न्हाई, सयाजीभाऊ. आधी तिचे केस येऊ देत. गारठा पडला की घालीन."

"आगं, पलटनीत हुकूम सुटला की एका दिसात समद्या खेचरांवर ब्लांकेट! कुनी खेचराला इचारत न्हवतं, थंडी वाजती का म्हनून."

"तितं बर्फ पडत आसंल. हितं दुपारी डोकं तापतंय."

सयाजी हसला आणि त्याच्याबरोबर सगळे हसले. हसू देत. तिने लगाम धरला आणि मान ताठ ठेवून उभी राहिली. मी घरी खुंटीवर होते, पण तलावावरची गोष्ट घरी यायला वेळ लागत नाही.

दिवाळी आली. पाहुण्यांच्या मोटारी आल्या. बाकीचे घोडे आरशासारखे चमकत होते आणि आमच्या मखमलला चांगले बोटभर केस आले होते. हनुवटीखाली दाढी फुटली होती. पाहुण्यांची मुलं लांबूनच ओरडायची, "आई, अस्वल बघ, अस्वल!" सयाजी म्हणायचा, "मखमल कसली? गोनपाट म्हना!" दिवसचे दिवस घोडी नुसती उभी राहायची. जैनब संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी यायची आणि महंमद अंथरुणातून कुरकुरायचा.

"घाल की गं एकदाची झूल. लोकं हसत्यात."

"हसणाऱ्याला खोकला न्हाई येत, घोडीला येतो," ती म्हणायची, आणि खरारा घेऊन घोडीच्या अंगावरची धूळ काढायला बसायची.

पाडव्याला चांदसाहेब फराळाच्या वेळेला आला. केसाळ घोडी पाहून त्याचं डोकंच फिरलं. भर दुपारी त्याने मला खुंटीवरून ओढलं, मखमलच्या पाठीवर टाकलं आणि पट्टे आवळले. "तुला न्हाई जमत तर मी घालतो!"

जैनबने चहा ठेवला, त्याला बसवलं, त्याचा चहा होऊ दिला. मग त्याच्यादेखत माझे पट्टे सोडले आणि माझी खालची बाजू त्याच्यापुढे धरली.

"हात लावा, भाईजान."

त्याने हात लावला. अस्तर चिंब ओलं होतं.

"घाम हाय. म्हंजे ऊब लागली तिला," तो म्हणाला.

"आन् सांजच्याला वारं सुटल्यावर ही ऊब कुटं जायची? दरसाली ह्यांनी, समद्यांनी ओल्या कापडात गुंडाळून ठेवलीया तिला. मग हवेला कशाला बोल लावताय?"

किती वर्षं मी हेच सांगायला तळमळत होते! माझी खालची बाजू पहिल्यांदा कोणीतरी उजेडात धरली होती. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो दसऱ्याच्या कोणत्याच कौतुकाने झाला नव्हता.

चांदसाहेब मात्र बधला नाही. "संक्रांतीला बघू," एवढंच बोलून त्याने टोपी घातली.

कार्तिक सरला. रोज दिवस उजाडताना जैनब दावणीशी जायची, घोडीच्या कानांची मुळं चाचपायची, खांद्यामागे हात घालायची, आणि परत यायची. मला रोज उन्हात घालायची, झटकायची, पण चढवायची नाही. तलावावर एकेक घोडा खोकायला लागला होता. मखमलला खोकला नव्हता, पण पाऊल चुकलं तर? उशीर झाला तर? जैनबच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसत होतं. लोकांपुढे मात्र तिने ते कधी दिसू दिलं नाही.

मार्गशीर्षात एका पहाटे झोंबरा वारा सुटला, आणि दाट धुकं अंगणात उतरलं. जैनबने हात लावला. कान मुळापर्यंत गार. मखमल वाऱ्याकडे पाठ करून, शेपूट आवळून उभी होती आणि तिच्या मांडीची कातडी थरथरत होती. जैनब धावत आत आली. तिने मला खुंटीवरून उचललं आणि गालाला लावून पाहिलं, मी कोरडी आहे ना ते.

"चल बाई," ती मला म्हणाली, "आता तुजी पाळी."

मी चढले. काय सांगू मित्रांनो, दाट कोरड्या केसांवर बसणं काय असतं! घोडीची ऊब खालून आणि माझी वरून. ऊन वर आलं की जैनब मला उतरवायची, सांज झाली की पाठ कोरडी करून चढवायची. पंचांगात तिने एकदाही पाहिलं नाही.

पौषात एका सकाळी वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठलं. गवत पांढरं, होड्यांच्या फळ्या पांढऱ्या. ते बघायला पाहुण्यांची झुंबड उडाली. सयाजीचा पांढरा घोडा दर चार पावलांनी खोकत होता, इतका की पाठीवरची बाई घाबरून खाली उतरली. मखमलपाशी एक लहान मुलगी आली. तिचे हात गारठून लाल झाले होते. तिने ते घोडीच्या मानेवरच्या केसांत खुपसले आणि ओरडली, "बाबा, ही गरम आहे! मला हीच पाहिजे!" त्या दिवशी मखमलला उसंत मिळाली नाही.

"नशीबवान हाय तुजी घोडी," सयाजी म्हणाला. चूक कबूल करील तर तो सयाजी कसला!

"नशीब न्हवं, सयाजीभाऊ," जैनब म्हणाली, आणि पुढच्या पाहुण्याला हात देऊन वर चढवलं.

संक्रांतीला चांदसाहेब आला. आल्या आल्या त्याने मखमलला चढावर दौडवलं, परत आणलं आणि तिच्या बरगड्यांना कान लावला. जैनब दारात उभी. तिने चौकट धरून ठेवली होती. चांदसाहेब वाट पाहत राहिला. मखमलने एकदा नाक फुरफुरलं, आणि बस्स.

आतून महंमदचा आवाज आला. "काय ऐकतोस, भाई? भिंतीपल्याड घोडी हाय का न्हाई, हेच ह्या साली कळंना झालंय मला."

चांदसाहेबने घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटं केसांत बुडाली. मग तो घसा खाकरून म्हणाला, "आसली केसाळ घोडी टांग्याला लावली तर रहिमतपुरात लोकं हसतील मला. ऱ्हाऊ दे तुज्याकडंच." ज्या केसांपायी सारा तलाव जैनबला हसला, त्याच केसांनी घोडी तिच्या दावणीला राखली.

पुढच्या दसऱ्याला सयाजी आमच्या अंगणात आला. अंघोळ घातलेला घोडा बरोबर, झूल काखेत. इकडेतिकडे बघत, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करत म्हणाला, "जैनब, जरा ह्याच्या कानाला हात लावून सांग की गं."

"तुमीच लावा की," ती म्हणाली. "घोडा तुमचा हाय."

त्याने लावला. मग झूल तशीच काखेत घेऊन परत गेला.

मित्रांनो, आता मखमल नाही, तिची नात दावणीला आहे. 'मला जपा, पेटीत ठेवा' अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही. मला वापरा, झिजवा, माझ्या चिंध्या होऊ द्या. पण तुम्हाला मिरवायचं आहे म्हणून, किंवा सगळे घालतात म्हणून मला कोणाच्या पाठीवर टाकू नका. अजूनही दसऱ्याला कोणी उत्साहाने मला काढायला आलं, तर मी खुंटीत अशी काही अडकून बसते की ओढणाऱ्याला घाम फुटतो. ओढा किती ओढायचं ते. आधी घोडीच्या कानाला हात लावून या, मग माझ्याकडे या.